जुन्या जीपचे कुलंट घरी बदलताना

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल जीपच्या रेडिएटरखालचा कॉक उघडला, तेव्हा जेमतेम ६ लिटर तांबूस पाणी बाहेर आले. गाडीच्या पुस्तकात एकूण क्षमता १० लिटर दिली आहे. उरलेले कोठे गेले? आता बोअरच्या पाण्याने धुऊन तयार मिश्रणाचे कुलंट भरले, तर चालेल का?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : उरलेले ४ लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटर असल्यास त्याच्या नळ्यांमध्ये आहेत. ब्लॉकला बहुधा वेगळा ड्रेन प्लग असतो. तो सहज निघाला तर उत्तम, मात्र गंजाने धरलेला प्लग जोर लावून तोडण्यापेक्षा न उघडलेला बरा. तांबूस रंग गंजाचा आहे, म्हणजे जुन्या कुलंटची गंजरोधक शक्ती संपलेली आहे किंवा आजवर गाडी नुसत्या पाण्यावरच चालली आहे.

बोअरचे पाणी वापरू नये. ठिबकच्या नळ्यांत क्षारांचा जो पांढरा थर साचतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचतो. डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर असल्यास त्याचा नळ उघडा ठेवून, वरचा होज पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवावे. तो गरम झाला की थर्मोस्टॅट उघडून पाणी सगळीकडे फिरू लागल्याचे समजते. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण व कॉक उघडावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावे. येथे घाई नको : दाबाखालील गरम पाणी उसळून चेहरा भाजतो आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेड तडकू शकते.

तयार मिश्रणाबाबत मात्र हिशेब चुकतो. त्यात निम्मे पाणी आधीच असते. इंजिनात राहिलेल्या ४ लिटर पाण्यावर असे ६ लिटर मिश्रण ओतले, तर १० लिटरांत मूळ कुलंट केवळ ३ लिटर, म्हणजे ३० टक्के उरते. त्याऐवजी पाणी न मिसळलेले ५ लिटर कुलंट आधी ओतावे आणि वर डिस्टिल्ड वॉटर भरावे, म्हणजे प्रमाण निम्मे-निम्मे होते. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कुलंट अनावश्यक, असे पुष्कळ जण मानतात. परंतु गंज रोखणे आणि उकळबिंदू वाढवणे ही त्याची कामे खंबाटकी किंवा पसरणीच्या चढावर भरलेल्या गाडीला उन्हाळ्यातही लागतातच.

काढलेले पाणी पसरट घमेल्यात धरून झाकणाच्या कॅनमध्ये ठेवावे आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्या एखाद्या गॅरेजला, ते घेत असल्यास, द्यावे. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे गोठ्याजवळ किंवा गटारीत ओतल्यास कुत्री-जनावरे ते पितात.

भरताना गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे, झाकण उघडे ठेवूनच थंड इंजिन चालू करून बुडबुडे निघू द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा पाहावी. झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली, तर तो हेड गॅस्केटचा दोष असू शकतो, आणि ते काम मेकॅनिकचे आहे.