‘मर्टल बीच’ या नावाचा अर्थ काय? मराठीत ‘मेंदी किनारा’ म्हणता येईल का?

मेंदी नाही. हे आधीच लिहून टाकते.

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीच ह्या समुद्रकिनारी शहराचं नाव कशावरून पडलं, डिक्शनरीत मर्टल म्हणजे मेंदी दिलंय तर मराठीत मेंदी किनारा चालेल का, आणि जूनमध्ये जाताय तर तिथे काय बघावं. मी 31 वर्षं ज्युनिअर कॉलेजला बॉटनी शिकवली आणि ह्याच नावावरून लेकीच्या गाडीत माझं कोणी ऐकून घेतलं नव्हतं, त्यामुळे उत्तर लांबणार.

लेक शार्लटला असते, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात. तिथली आपली बरीच मंडळी लाँग वीकेंडला समुद्र म्हटलं की मर्टल बीचच गाठतात, चारेक तासांचा ड्राइव्ह. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुट्टीत आम्ही पण निघालो, लेक, जावई, नातू, मी आणि आमचे व्याही-विहीणबाई. वाटेत गावं लागली की रस्त्याकडेला गुलाबी-पांढऱ्या फुलांची झाडं, पाकळ्या अशा चुणीदार की क्रेप कागदच. बघताक्षणी मी म्हटलं, अगं हे तर आपल्या ताम्हणाचं भावंड! ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, दोघांचं जीनस, म्हणजे लॅटिन नावातला पहिला शब्द, एकच, लॅगरस्ट्रोमिया. तर व्याही म्हणाले, "ताई, हेच ते मर्टल, ह्याच्यावरूनच बीचचं नाव." मी म्हटलं नाही हो, ह्याला क्रेप मर्टल म्हणतात खरं पण हे आशियातून तिकडे नेऊन बागेत लावलेलं झाड, किनाऱ्यावर आपोआप उगवणारं नव्हे. मग त्यांनी दुसरंच काढलं, ऑफिसात कोणीतरी त्यांना सांगितलेलं म्हणे की जमीनमालकाची मर्टल नावाची मुलगी होती, तिचं नाव दिलं. मी सगळं वाचून गेले होते, सांगायला लागले, तर लेक पुढच्या सीटवरून म्हणाली, "आई, जाऊ दे ना, शेवटी झाडच आहे."

जिला लहानपणी मांडीवर घेऊन हर्बेरियमचे, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांचे, कागद चिकटवले ती हे म्हणाली. मी कॉन्वे, म्हणजे मर्टल बीचच्या अलीकडचं गाव, येईपर्यंत गप्प बसले.

आणि कॉन्वेहूनच तर ही गोष्ट सुरू होते. तिथला फ्रँकलिन बरोज हा लाकूड आणि टर्पेंटाइनचा मोठा व्यापारी, किनाऱ्याकडची बरीच जमीन त्याच्या कंपनीची. समुद्रापर्यंत रेल्वे न्यायची त्याची कल्पना होती पण 1897 मध्ये तो वारला आणि मुलांनी 1900 साली ती लाइन पूर्ण केली. तोवर त्या जागेला न्यू टाउन म्हणायचे, म्हणजे नावच नाही म्हणा ना. मग वर्तमानपत्रातून नाव सुचवायची स्पर्धा निघाली आणि जिंकली कोणी, तर बरोजची विधवा बायको ॲडी बरोज हिने. किनाऱ्याच्या वाळूत रानोमाळ माजलेली वॅक्स मर्टलची झुडपं तिने बघितली होती, त्यावरून मर्टल बीच. 1901 मध्ये पहिलं हॉटेल उघडलं, प्लॉट 25 डॉलरला विकायला काढले आणि 500 डॉलरचं घर बांधलं तर शेजारचा प्लॉट फुकट. टाउन झालं 1938 ला, सिटी 1957 ला. मुलगीबिलगी काही नाही. ज्या बाईने झुडूप ओळखून नाव दिलं ती गोष्टीतून गायब आणि तिच्या जागी एक नसलेली पोरगी, ह्याचा मला राग येतो, अजूनही येतो.

आता मेंदीचं. खरं मर्टल हे भूमध्य समुद्राकडचं झुडूप, जांभूळ-पेरू-लवंगेच्या कुळातलं, त्याला आपल्याकडे विलायती मेंदी म्हणायचे. डिक्शनरीवाल्यांनी विलायती गाळलं आणि मेंदी ठेवली. आपली हातावर काढायची मेंदी वेगळी, ती ताम्हण आणि क्रेप मर्टलच्या कुळातली. आणि वॅक्स मर्टल ह्या दोन्हीतलं नाही! ते कायफळाच्या कुळातलं. हो, काष्ठौषधींच्या दुकानात साल मिळते तेच कायफळ. इंग्रजीत एक मर्टल म्हटलं की तीन कुळं येतात, म्हणून मी पोरांना लॅटिन नावं घोकायला लावायचे आणि पोरं कंटाळायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला घेऊन मर्टल बीच स्टेट पार्कात गेले. 1936 पासूनचं पार्क आहे, बाहेर सगळी हॉटेलं झाली तरी किनाऱ्यालगतचं जंगल तिथे शिल्लक आहे. पायवाटेवरच सापडलं. अरुंद पानं, पानावर बारीक पिवळसर ठिपके, एक गळलेलं पान चुरगळलं तर तमालपत्रासारखा वास. मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन धरणारे जिवाणू असतात म्हणून निकस वाळूत पण तग धरतं. नर झुडूप वेगळं, मादी वेगळं, फळं फक्त मादीला, मिऱ्यापेक्षा लहान, पिकली की राखाडी-निळी आणि वरून मेणाचा थर. पूर्वी लोक ही फळं पाण्यात उकळायचे, वर तरंगलेलं मेण काढून सुवासिक मेणबत्त्या करायचे. नातवाने खाली पडलेल्या एका फळावर नख ओढलं आणि ओरडला, आज्जी, मेण! सात वर्षांचं पोर. हॉटेलवर जाऊन त्याने आजोबांच्या नाकाखाली पान धरलं आणि सगळं सांगितलं, नर-मादीसकट. व्याही म्हणाले वास छान आहे. बास, एवढंच. चूक झाली असं काही म्हणाले नाहीत.

तर नावाचं भाषांतर करू नका, मर्टल बीचच लिहा, आणि अगदीच मराठी हवं असेल तर मेणझुडपांचा किनारा. तुमच्या गाडीत कोणी क्रेप मर्टलकडे बोट दाखवलं तर तिथल्या तिथे सांगा, मी गप्प बसले तशा बसू नका.

जूनबद्दल, बोर्डवॉक (किनाऱ्यालगतचा फिरायचा रस्ता) आणि स्कायव्हील (मोठा आकाशपाळणा) सगळे करतात, तुम्ही पण कराल, पण पार्काला एक सकाळ द्या. फळं तेव्हा कोवळी हिरवी असतील, मेण दिसणार नाही, पानावरून ओळखा. पार्कात झाडाचं काही तोडू नका, पडलेलं पान घ्या. पाल्याने डास पळतात म्हणतात, तरी स्प्रे न्याच. आणि कायफळाचं भावंड म्हटलं म्हणून औषध समजून तोंडात घालू नका, भावंडच आहे, कायफळ नव्हे.