मुलीसारखे धावणे म्हणजे काय?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. मुली आणि स्त्रिया यांच्याविषयीचे ठरीव समज मोडू पाहणाऱ्या जाहिराती अलीकडे बऱ्याच दिसतात. त्यांनी खरोखर काही बदलते का, की माल खपवण्याची ही नवी तऱ्हा आहे?
– एक शिक्षिका

उत्तर : माल खपवणे हा या जाहिरातींचा हेतू असतोच, पण तेवढ्याने त्यांत दाखवलेले सारे खोटे ठरत नाही. 'ऑलवेज' या सॅनिटरी पॅडच्या ब्रँडने २०१४ साली 'लाइक अ गर्ल' ही चित्रफीत काढली. दिग्दर्शिका लॉरेन ग्रीनफील्ड यांनी तीत आधी तरुण मुलामुलींना मुलीसारखे धावून दाखवायला सांगितले, तेव्हा ती हात लुळे सोडून, केस सावरत, मुरकत धावली. नंतर लहान मुलींना तेच सांगितले, तर त्या जीव खाऊन धावल्या. आणि याचा अर्थ काय, असे विचारल्यावर एक चिमुरडी म्हणाली की जितक्या जोरात पळता येईल तितके पळायचे. एका मुलाला, तू आत्ता तुझ्या बहिणीचा अपमान केलास का, असे विचारले, तर तो आधी 'नाही' म्हणाला आणि मग अडखळत म्हणाला की मुलींचा केला, पण बहिणीचा नाही. मला ही जागा फार मोलाची वाटते, कारण कोणीही उपदेश न करता त्या मुलाला आपल्याच मनातला समज समोर दिसतो.

तुमची शंकाही रास्त आहे. युनिलिव्हर कंपनीच्या 'डव्ह' या साबणाच्या ब्रँडने २००४ पासून निरनिराळ्या वयांच्या आणि बांध्यांच्या सामान्य स्त्रिया जाहिरातींत आणल्या, हे चांगलेच झाले. परंतु गोरेपणाची आशा दाखवणारी 'फेअर अँड लव्हली' ही क्रीमही त्याच युनिलिव्हरची होती आणि तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द जायला २०२० साल उजाडले. त्यामुळे एका जाहिरातीवरून कंपनीला प्रशस्तिपत्र देऊ नये. याउलट 'स्पोर्ट इंग्लंड' या सार्वजनिक संस्थेला २०१५ च्या 'धिस गर्ल कॅन' मोहिमेत कोणतीही वस्तू विकायची नव्हती. लोक काय म्हणतील या धास्तीने स्त्रिया व्यायाम टाळतात हे ओळखून तिने घामाने निथळणाऱ्या, सुटलेल्या पोटाच्या स्त्रिया मनसोक्त खेळताना दाखवल्या.

ब्रिटनमध्ये तर जून २०१९ पासून, स्त्री-पुरुषांचे अपायकारक ठरू शकतील असे साचे जाहिरातींत दाखवण्यास मनाई आहे. त्यानंतर दोनच महिन्यांत फोक्सवॅगनची एक जाहिरात थांबवली गेली, जिच्यात अंतराळवीर तरंगतात, कृत्रिम पायाचा खेळाडू लांब उडी मारतो आणि शेवटी एक स्त्री बाबागाडीशेजारी बसलेली दिसते. बाळाजवळ बसण्यात गैर काहीच नाही. आक्षेप होता तो धाडस पुरुषांकडे आणि बाळ स्त्रीकडे, अशा या दृश्यांच्या जोडणीला.

वर्गात एखादी जाहिरात आवाज बंद करून दाखवा आणि तिच्यातला प्रत्येक माणूस नेमके काय करतो, ती क्रियापदे तेवढी मुलामुलींना वहीत लिहायला सांगा.