लायटिंग डिझाइनचं काम घरातून सुरू करताय ना ताई, मग आधी एवढंच बघा

ताई, बाळ लहान आहे म्हणून थांबू का विचारताय, अजिबात नका थांबू, मी पण पोरगी कडेवर असतानाच चालू केलं. फक्त पहिलंच काम अख्ख्या बंगल्याचं घेऊ नका. जुळे सोलापुरात ओळखीतला एखादा टू बीएचके बघा, त्यातला पण हॉल आणि किचनच.

- उजेडाचा रंग. तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळसर. आपल्याकडं ६५०० केल्विनचा पांढराफेक उजेड म्हणजेच भारी वाटतं, मग हॉल मेडिकल दुकानासारखा दिसतो. हॉल-बेडरूमला ३०००, किचनला ४०००.
- वॅट (दिवा वीज किती खातो) नाही, ल्युमेन (उजेड किती देतो) बघा. आरशापाशी सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या पुढचा असलेला दिवा घ्या, नाहीतर इरकल साडीचा रंग घरात एक आणि बाहेर एक.
- पीओपीचं सीलिंग करायच्या आधी लाइटचे पॉइंट पक्के करा. यात मी सपाटून मार खाल्लाय, पॉइंट चुकले, तयार सीलिंग फोडावं लागलं आणि खर्च माझ्या माथी. तेव्हापासून पीओपीवाला आणि इलेक्ट्रिशियन दोघांना एकाच वेळी साइटवर उभं करते, फर्निचर कुठं येणार ते खडूनं जमिनीवर आखते, मगच भोकं. आणि फॅनच्या पात्यांवर लाइट नको, उजेड लपलपतो, डोकं उठतं.

डिझाइनचे पैसे वेगळे सांगा, अर्धे आधी घ्या. नुसत्या दिव्यांच्या मार्जिनवर बसलात तर गिऱ्हाईक दुकानात भाव काढून येतं आणि तुमची मेहनत फुकट. नात्यातल्यांना तर आधीच सांगा, इथं लाजायचं नाही.

ऑटोमेशन, सॉफ्टवेअर वगैरे नंतर बघू. हॉलचा नकाशा पाठवा, पोरं झोपली की रात्री बघते.