घरचे मिरचीचे बी : झाडे एकसारखी का येत नाहीत?

प्रश्न : संकरित मिरचीच्या फळांतून बी धरून लावले. काही झाडे बुटकी निघाली, काहींना मिरच्या उभ्या लागल्या, तिखटपणाही सारखा नाही. एकसारखी झाडे मिळवायची कशी?

उत्तर : बी खराब नव्हते. संकरित वाणाची पहिली पिढी सारखी दिसते. दुसरीत, म्हणजे तुम्ही धरलेल्या बियांच्या झाडांत, आई-बापांचे दबलेले गुण फुटून वर येतात. उभी मिरची हा असाच दबणारा गुण. ज्या संकरात नर वंध्यत्व (फुलात पराग तयार न होणे) वापरलेले असते, त्याच्या दुसऱ्या पिढीत परागच नसलेली झाडेही निघू शकतात. ती उपटून टाका.

दुसऱ्या पिढीची निदान 200 झाडे लावा. वीस-पंचवीस झाडांतून केलेली निवड नशिबावर सोडल्यासारखी असते. हव्या गुणांची 10 ते 15 झाडे निवडा, पण बांधालगतची किंवा उकिरड्याच्या जागेवरची नकोत. तिथला जोम मोकळ्या जागेचा किंवा खताचा असतो, तो बियांत उतरत नाही. तिखटपणाचेही तसेच : पाण्याचा ताण बसला की तो वाढतो, म्हणून सारखे पाणी मिळालेल्या झाडांचीच तुलना करा.

खरी चूक पुढे होते. मिरची स्वतःच्या परागावर फळ धरते खरी, पण मधमाश्या शेजारचा परागही आणतात. म्हणून निवडलेल्या झाडाची एक फांदी घ्या, उमललेली फुले आणि धरलेली फळे खुडा, फक्त बंद कळ्या ठेवा. मावा, फुलकिडे नाहीत ना हे पाहून मलमलची पिशवी चढवा आणि तोंड सैल दोऱ्याने बांधा. प्लास्टिक नको, आत उष्णता कोंडून कळ्या गळतात. सकाळी फांदी हलकेच हलवत राहा. फळे धरली की पिशवी काढा आणि त्या फळांच्या देठांना रंगीत दोरा बांधा. दोरा विसरला तर तोडणीत सगळे एक होते.

प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पुडीत ठेवा. पुढच्या हंगामात एका पुडीची एकच ओळ, साधारण 25 झाडे. आधी चांगली ओळ निवडा, मग तिच्यातले झाड. दर पिढीला मिश्रपणा, म्हणजे आई-बापांकडून आलेल्या वेगवेगळ्या गुणांची सरमिसळ, निम्मा होतो : दुसऱ्या पिढीत 50 टक्के, सहावीत सुमारे 3. मधेच सगळ्या पुड्या एकत्र केल्या तर केलेली निवड वाया गेली. वाण स्थिर झाल्यावर पिशव्यांऐवजी इतर मिरचीपासून, ढोबळीपासूनही, 200 मीटर अंतर राखा.

बियाण्यासाठी पूर्ण लाल, डाग नसलेलीच फळे घ्या. करप्याचा डाग असलेल्या फळातून रोग बियांबरोबर पुढे जातो. बी सावलीत वाळवून ओलावा 8 टक्क्यांच्या आत आणा.