अठ्ठाविसाव्या वर्षी अंगातून वाफा येतात, म्हणजे पाळी जाणार का?

मी समुपदेशक आहे. पाळी जाण्याची भीती घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत पंचविशी-तिशीतल्या मुली बऱ्याच असतात. तक्रार साधारण एकच. बसल्या बसल्या छातीतून गरम लाट वर चढते, मान, कान, चेहरा तापतो, घाम फुटतो आणि थोड्या वेळाने उलट थंडी वाजते. घरचे म्हणतात, उष्णता झालीय, सब्जा घे, गुलकंद खा. मैत्रिणी म्हणतात, टेन्शन घेतेस. मोबाईलवर शोधलं की मेनोपॉज, म्हणजे पाळी कायमची जाणं, हा शब्द समोर येतो आणि झोप उडते. लग्न व्हायचंय किंवा मूल हवंय, अशा वयात तो शब्द किती जिव्हारी लागतो, हे मी समोर बसून बघते. म्हणून सायलीची हकीकत सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि तिला विचारूनच लिहिते आहे.

वय २८. माहेर येवल्याकडचं, सासर नाशिकच्या सिडकोत. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला नोकरी, बहुतेक वेळा फर्स्ट शिफ्ट. लग्नाला दोन वर्षं झालेली, आता मूल हवं असं दोघांचं चाललेलं. ती आली तेव्हा जानेवारी होता. निफाडचा पारा एक आकडी झाला की नाशिकमध्येही दुपारपर्यंत कुणी स्वेटर काढत नाही. ही अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात आली आणि बसल्यावर पहिलं वाक्य म्हणाली, "ताई, पंखा लावला तर चालेल का?"

फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीवर अँक्झायटी लिहून तिला माझ्याकडे पाठवलं होतं. धडधड, घाम, झोप नाही, चिडचिड. कागदावर बघितलं तर चिंतेचंच चित्र दिसतं. शिवाय ती चिंतेत होतीच. तिच्या मावशीची पाळी अडतिसाव्या वर्षी गेली होती. "आमच्याकडे लवकरच जाते बहुतेक," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले.

अशा वेळी मी मनाचं बोलणं सुरू करण्याआधी पाळीचं विचारते. शेवटची कधी आली, किती दिवसांनी येते, अलीकडे मागेपुढे झाली का. सायलीची पाळी अठ्ठावीस-तीस दिवसांनी येत होती, फक्त स्राव थोडा कमी झाला होता. हे कळल्यावर मी तिला सांगितलं की पाळी नियमित येत असेल तर अंडाशयाचं काम थांबलंय असं समजायला आधार नाही. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं संप्रेरक (हार्मोन) कमी-जास्त होत उतरतं आणि मेंदूतलं शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. एरवी ज्या बारीकशा फरकाकडे ते लक्ष देत नाही, तेवढ्यानेही त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. पण तीच लाट इतर कितीतरी कारणांनी येते. मग तिची कशाने येते, ते शोधायला हवं होतं.

बोलता बोलता ती लाट माझ्यासमोरच आली. गळ्यावर लाल चट्टे उठले, रंग कानांपर्यंत चढला, तिने ओढणी बाजूला केली. मी तिचा हात हातात घेतला. घाबरलेल्या माणसाचे हात सहसा ओलसर आणि गार लागतात. हिचा तळवा ओला होता, पण चांगला गरम. लाट ओसरल्यावर, ती शांत बसलेली असताना नाडी मोजली, तरी शंभराच्या वर. मग तिला दोन्ही हात पुढे धरून बोटं ताठ करायला सांगितली आणि त्यांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाच्या कडा सारख्या थरथरत होत्या. मी डॉक्टर नाही आणि निदान करणं माझं काम नाही. पण असं काही दिसलं की समुपदेशनाच्या आधी तपासणी, हा माझा आग्रह असतो.

"काही गोळ्या चालू आहेत का?" या प्रश्नाला तिचं उत्तर "नाही" असं होतं. हे उत्तर मी कधीच शेवटचं धरत नाही. म्हणून विचारलं, "सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं, ते सांग." मग बाहेर आलं. थायरॉइड कमी पडतं म्हणून त्याची १०० मायक्रोग्रॅमची गोळी, चोविसाव्या वर्षापासून. ती इतकी सवयीची झालेली की औषध वाटतच नव्हती. केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या. आणि शिफ्टमध्ये तीन-चार कप चहा. लग्नानंतर चालणं आणि खाणं सांभाळून तिने बारा किलो वजन उतरवलं होतं, त्याचं घरात कौतुकही होतं. शेवटची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, मात्र लग्नाआधीची.

आणखी एक गोष्ट तिने सहज सांगितली. पूर्वी ती गोळी चहाबरोबर घ्यायची. मागच्या पावसाळ्यात कुणीतरी सांगितलं तेव्हापासून पहाटे उठल्या उठल्या पाण्याबरोबर घेते आणि चहा कंपनीच्या बसमधून उतरल्यावर. म्हणजे गोळी आता नीट अंगी लागत होती. वजन कमी झालेलं, गोळी पूर्ण शोषली जातेय आणि डोस जुनाच. लाटा कधी सुरू झाल्या विचारलं तर म्हणाली, "गणपतीच्या आसपास."

मी तिला एमडी फिजिशियनकडे पाठवलं, सोबत चिठ्ठीत हे सगळं लिहून दिलं. बायोटिनचा उल्लेख मुद्दाम केला, कारण जास्त मात्रेतलं बायोटिन काही लॅबमधल्या थायरॉइडच्या तपासणीत गडबड करतं. टीएसएच खोटी कमी आणि टी-फोर हे थायरॉइडचं संप्रेरक खोटं जास्त दिसू शकतं. डॉक्टरांनी ते काही दिवस बंद करायला लावून मगच रक्त घेतलं. टीएसएच खरोखरच फार कमी होती. अंगात थायरॉइड जास्त झालं की टीएसएच उतरते. तिच्या शरीराला गोळी जास्त होत होती. धडधड, थरथर, घाम, उकाडा, उडालेली झोप, कमी झालेला स्राव, या सगळ्याचा त्यातून उलगडा झाला. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे उष्णताच ना! मी म्हणत होते." सब्जा आणि धने-जिऱ्याच्या पाण्याने काही बिघडलं नव्हतं, बिघडलं होतं ते तेवढ्यावर इतके महिने काढल्याने. थायरॉइडचं प्रमाण जास्त दिवस चढं राहिलं तर हृदयाच्या ठोक्यांवर आणि हाडांवर परिणाम होतो. मी सासूबाईंना एकदा बोलावून घेतलं आणि हे समजावलं. त्यांनी ऐकलं, आणि पुढच्या तपासणीला त्याच तिच्याबरोबर गेल्या.

डोस बदलला की दुसऱ्या दिवशी बरं वाटेल, असं सायलीला वाटत होतं. तसं होत नाही. हे संप्रेरक रक्तातून हळूहळू उतरतं, साधारण आठवड्याला निम्मं. पहिल्या आठवड्यात लाटा आल्या तेव्हा ती रडवेली होऊन फोनवर म्हणाली, "ताई, म्हणजे थायरॉइड नव्हतंच, दुसरंच काहीतरी आहे." खरं समुपदेशन इथून सुरू झालं. इतक्या महिन्यांत तिने स्वतःभोवती बरीच कुंपणं घातली होती. कँटीनमध्ये गरम जेवण नको, बसमध्ये खिडकीचीच जागा, कुणाच्या हळदीला जायचं नाही, आणि सासूबाईंबरोबर वणीच्या गडावर जायचं तर तिने दोनदा टाळलं होतं. अंगाला जरा ऊब लागली की हात गळ्याकडे जायचा, "आली का?" म्हणून. त्या धास्तीनेच छाती धडधडायची, घाम यायचा आणि तिची खात्री पटायची. कारण शरीरात होतं हे खरं, आणि भीतीने त्यावर स्वतःचा एक थर चढवला होता हेही खरं. पहिलं सापडलं म्हणून दुसरं आपोआप जात नाही.

तिला एक वही करायला लावली. लाट आली ती वेळ, आधी काय चाललं होतं, किती मिनिटं टिकली, नाडी किती, पाळीचा कितवा दिवस. तीन आठवड्यांनी तिनेच मला दाखवलं की रात्रीच्या लाटा कमी होत चालल्यात आणि राहिलेल्यांपैकी बऱ्याच सुपरवायझरसमोर उभं राहिल्यावर येतात. नाडी ताळ्यावर आल्यावर, फिजिशियनना विचारून, आम्ही मुद्दाम ऊब आणायला लागलो. शाल पांघरून गरम चहा प्यायचा, माझ्या इमारतीचे तीन मजले चढायचे, आणि मग काही न करता बसायचं. पंखा नाही, ओढणी झटकायची नाही, नाडी बघायची नाही. फक्त श्वास सोडताना जरा लांबवायचा. लाट चढते आणि काही मिनिटांत उतरते, तिच्या मदतीशिवाय उतरते, हे तिने स्वतः अनुभवलं. मी शंभरदा सांगून ते पटलं नसतं.

मावशीचं कोडं राहिलं होतं. आईची किंवा बहिणीची पाळी चाळिशीच्या आत गेली असेल तर ते डॉक्टरांना सांगावंच, कारण घराण्याचा संबंध असतो. मी म्हटलं, आईला नीट विचार. आईने फोनवर सांगितलं, मावशीची पाळी गेली नव्हती, पिशवी काढली होती. अंडाशयांसकट. अंगावरून जास्त जातं म्हणून. घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं, म्हणून मुलींपर्यंत एवढंच पोचलं की लवकर गेली. महाराष्ट्रात हे किती घरांत आहे! बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला तेव्हा आपण हळहळलो, पण आपल्या घरातल्या मावशीला काय झालं होतं, हे विचारत नाही. अंडाशयं काढली की त्याच आठवड्यात लाटा सुरू होऊ शकतात, मग वय तीस असो की पंचेचाळीस. नुसती पिशवी काढून अंडाशयं ठेवली, तरी ती काहींच्या बाबतीत लवकर थकतात. ऑपरेशनच्या कागदावर नेमकं काय काढलं ते लिहिलेलं असतं. तो कागद जपून ठेवावा.

सायलीचं निघालं ते प्रत्येकीचं निघेल असं नाही. दिंडोरीकडून एक शिक्षिका आली होती, वय ३१. तिची तक्रार झोपेची. रात्री दोन-तीनदा गाऊन भिजायचा. घरी सगळे म्हणत, नवऱ्याची नोकरी गेल्याचं टेन्शन. पाळीचं विचारलं तर पाच महिने आली नव्हती, आणि गर्भ नाही हे तिने घरच्या घरी तपासून विषय सोडून दिला होता. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. अंडाशयांना चालना देणारं एफएसएच हे संप्रेरक खूप वाढलेलं आलं, महिन्याभराने पुन्हा तपासलं तरी तसंच. अंडाशयांचं काम वेळेआधी मंदावलं होतं. चाळिशीच्या आत असं सुमारे शंभरात एकीला होतं, तिशीच्या आत हजारात एकीला. बहुतेकींमध्ये कारण सापडत नाही.

तिच्याबरोबरचं काम फार वेगळं होतं. तिथे धीर देण्याआधी दुःखाला जागा द्यावी लागली. नवऱ्याला बरोबर बोलावलं, कारण अशी बातमी बाईने एकटीने घरी न्यायची नसते. दोघांना हे कळणं गरजेचं होतं की हार्मोनची औषधं इथे केवळ लाटांसाठी नसतात, हाडं आणि हृदय सांभाळण्यासाठी असतात आणि साधारण पन्नाशीपर्यंत घ्यायची असतात. आणि हेही की मूल होण्याची शक्यता शून्य नसते, शंभरात पाच-दहा जणींना उपचाराशिवाय दिवस जातात, आणि दान केलेल्या स्त्रीबीजाचा मार्गही कायद्याने खुला आहे. त्यांनी अजून काहीच ठरवलेलं नाही. ठरवायची घाई मी करू देत नाही.

म्हणून कुणी तरुण मुलगी "अंगातून वाफा येतात" म्हणाली, तर तिच्याशी बोलताना माझ्या डोक्यात बऱ्याच गोष्टी असतात. नुकतंच बाळंतपण झालंय का, अंगावर पाजतेय का, कारण तेव्हा इस्ट्रोजेन कमी असतं. मूल व्हावं म्हणून अंडं तयार होण्याच्या गोळ्या किंवा एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) इंजेक्शनं चालू आहेत का. नैराश्याच्या काही औषधांनीही घाम सुटतो. अशी औषधं मनाने बंद करू नयेत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं की ते बदलून देतात. पीसीओडीने पाळी पुढे जाते, पण अशा लाटा हे त्याचं नेहमीचं लक्षण नाही. डाएटच्या नादात जेवण चुकवून घाम फुटणारीही बरीच दिसतात.

आणि थर्मामीटर! अंग गरम लागतं म्हणणाऱ्या मुलींपैकी फार थोड्यांनी ते लावून बघितलेलं असतं. लाटेत ताप नसतो. रोज संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक मंद, वजन उतरतंय, किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर आधी टीबीची तपासणी, तीही लगेच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. गाठ लागत असेल तर तेही दाखवावं. लाटेबरोबर डोकं फुटल्यासारखं दुखत असेल आणि बीपी चढत असेल, तर कारण दुर्मीळ असतं, पण शोधावं लागतं.

सायलीची टीएसएच दुसऱ्या तपासणीत ताळ्यावर आली. शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "आता दिवस राहिले तर या गोळीचं काय करायचं?" प्रश्न अगदी योग्य होता. गरोदरपणात थायरॉइडची गरज वाढते, तेव्हा कमी केलेला डोस पुन्हा वाढवावा लागू शकतो. म्हणून पाळी चुकली आणि तपासणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात टीएसएच करायची आणि डॉक्टरांना दाखवायचं, गोळी मात्र एक दिवसही बंद करायची नाही. हे तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं, फिजिशियनच्या नंबरासकट.