सायमा एस१०७जी हे रिमोटवरचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवलं की जागेवरच गरगर फिरतं. कोणती मोटर बदलायची?

दोन्ही पंखे उलट दिशांना फिरून एकमेकांचा पीळ मारतात. एका पंख्याची मोटर मंदावली की अख्खं धूड फिरायला लागतं. आधी शाफ्टला केस गुंडाळलाय का बघा. माझ्याकडे निम्म्या वेळा तेच निघालं! तसं नसेल तर बहुतेक मोटरच्या आतले ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेत, तेल घालून उपयोग नाही.

नवी घेताना व्होल्टेजइतकीच मापं महत्त्वाची: मोटरच्या डबीचा व्यास, लांबी, शाफ्टची जाडी, पिनियनचे (शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात. मी तर दोन्ही मोटरी एकदम बदलतो, नाहीतर नवी-जुनीचं जमत नाही. वायरींना सोल्डरचा डाग पटकन द्या, नाहीतर मोटरच्या मागचं प्लास्टिक वितळतं. वायरी उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरेल.