गुन्हा हिंसक ठरतो तो कशावरून?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत कायदा शिकतो. तो सांगत होता की, इमारती फोडल्याचे कागदोपत्री दिसत असूनही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका आरोपीच्या जुन्या घरफोड्या वाढीव शिक्षेसाठी ‘हिंसक’ धरल्या नाहीत. हे कसे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपला भाचा म्हणतो तो २०१६ सालचा मॅथिस खटला. त्यामागे ‘आर्म्ड करिअर क्रिमिनल अ‍ॅक्ट’ हा १९८४ चा संघीय कायदा आहे. बंदूक बाळगण्यास मनाई असलेला माणूस बंदुकीसह सापडला आणि वेगवेगळ्या प्रसंगी केलेल्या हिंसक किंवा अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यांत तो आधी तीनदा दोषी ठरलेला असला, तर त्याला किमान १५ वर्षांची कैद द्यावीच लागते. दुसऱ्यावर बळाचा वापर, तसा प्रयत्न किंवा धमकी हा ज्याचा आवश्यक घटक आहे, तो गुन्हा या कायद्याने हिंसक. शिवाय घरफोडी, जाळपोळ आणि खंडणी हे गुन्हे त्यात नावानिशी घातले आहेत. इजेचा गंभीर धोका असलेले इतर गुन्हेही पूर्वी त्यात येत, पण ती तरतूद संदिग्ध म्हणून न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली.

आता कळीचा मुद्दा. आरोपीने त्या दिवशी प्रत्यक्ष काय केले हे न्यायाधीश पाहत नाही. तो ज्या कलमाखाली दोषी ठरला त्याची शब्दरचना पाहतो. ही पद्धत १९९० च्या टेलर खटल्यात ठरली, आणि गुन्ह्याच्या इराद्याने इमारतीत बेकायदा शिरणे किंवा थांबून राहणे ही घरफोडीची व्याख्याही तिथेच पक्की झाली. मॅथिस ज्या आयोवा राज्यात दोषी ठरले होते, तिथल्या कलमात मात्र इमारतीबरोबर जमिनीवरची, पाण्यातली आणि हवाई वाहनेही येत होती. कलम व्याख्येपेक्षा व्यापक ठरले, म्हणून त्याखालची एकही घरफोडी मोजली गेली नाही.

कलमात पर्यायाने वेगवेगळे गुन्हे सांगितलेले असतील, तर त्यांपैकी कोणता सिद्ध झाला हे पाहण्यासाठी दोषारोपपत्र, ज्युरीला दिलेल्या सूचना, कबुलीचा करार असे मोजके कागद उघडता येतात. पोलिसांचा अहवाल त्यात चालत नाही. आयोवात मात्र गुन्हा एकच होता. इमारत आणि वाहन हे तो करण्याचे निरनिराळे मार्ग होते. म्हणून कागदांत इमारत दिसत असली, तरी तिचा आधार घेता येत नव्हता.

भिन्नमत देताना न्यायमूर्ती अलिटो यांनी एका बेल्जियन महिलेचे उदाहरण दिले. ती ब्रुसेल्सच्या स्थानकावर मैत्रिणीला आणायला निघाली आणि जीपीएसवर विसंबून थेट क्रोएशियातल्या झाग्रेबला पोहोचली. ठरलेल्या पद्धतीवर डोळे झाकून चालत गेलेले न्यायालयही असेच भलतीकडे पोहोचले, असा त्यांचा रोख होता. ही टीका बोचरी आहे, आणि एका अर्थी रास्तही. तरीही मला बहुमताचीच बाजू पटते. फोडली ती इमारत की होडी, यावर आयोवाच्या ज्युरीला एकमत करावेच लागत नव्हते आणि ज्याने शिक्षा बदलत नव्हती तो तपशील खोडून काढण्याचे आरोपीलाही कारण नव्हते. असा तपशील पुढे कित्येक वर्षांनी एकट्या न्यायाधीशाने जुन्या कागदांतून उचलावा आणि त्यावर १५ वर्षे सुनवावीत, तर ज्युरीसमोर खटला चालण्याचा आरोपीचा घटनादत्त हक्क नावापुरता उरेल.